इंजिन किती दिवसांसाठी

९ फेब्रुवारी, सोमवार

गाडी स्वतः घेऊन गेले आणि इंजिन मला ठेवून गेले. लोकांचे नवरे परगावी कामाला जाताना चार गोष्टी सांगून जातात, दाराला कडी लाव, आईला बघ, तब्येत सांभाळ. यांनी काय सांगितलं, तर इंजिनाला इस्त्रीची वाफ लागू देऊ नकोस. खोली एक. त्यात माझं शिलाई मशीन, कापायचं टेबल, इस्त्री, आणि मधोमध चाकाच्या लोखंडी स्टँडवर हे धूड. वाफ काय मी ओच्यात धरून बसू? चालत्या गाडीला जास्तीचं इंजिन कशाला लागतं हे मला सहा वर्षांत कळलेलं नाही. माणूस कधी जास्तीचं पोट उशाशी ठेवून झोपतो का? म्हणे या गाडीची इंजिनं आता बनत नाहीत, भंगारात निघालेल्या एका गाडीचं मिळालं, नशीब लागतं. नशीब माझं. सहा वर्षं मी त्याला वळसा घालून कापड कापते आहे.

आज फोन आला. हे धरणाच्या कामावर क्रेन चालवायला गेलेत, आठ महिन्यांसाठी. एक महिना झाला. माझी चौकशी नाही, आईची अर्धी, इंजिनाची पूर्ण. म्हणाले, "असंच पडून राहिलं तर आतून गंज धरेल. नीट बंद करून ठेवायला पाहिजे. सावकाशला बोलाव." सावकाश म्हणजे कोपऱ्यावरचा मेकॅनिक. खरं नाव त्याच्या आईला माहीत असेल. गाडी कधी देतोस विचारलं की "सावकाश, सावकाश" म्हणतो, तेच चिकटलं.

वर म्हणाले, "काय काय केलं ते तारखेनिशी वहीत लिहून ठेव. इंजिनाच्या कामात लिहिलेलं लागतं."

चौथीनंतर मी वहीत मापांशिवाय काही लिहिलेलं नाही. छाती बेचाळीस, कंबर छत्तीस, बास. पण लिही म्हणालात ना. आता सगळंच लिहिते.

११ फेब्रुवारी, बुधवार

सावकाश येतो म्हणाला होता. आला नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आजही नाही. माझ्याच्याने हातावर हात ठेवून बसवत नाही. स्टँड ढकलत मागच्या अंगणात नेला आणि इंजिन धुतलं. धुण्याची पावडर, तारेची घासणी, दात घासायचा जुना ब्रश. काळा ओघळ पार नळापर्यंत गेला. चार बादल्या पाणी लागलं. आतून रंग निघाला निळा, मला तो काळाच आहे असं वाटत होतं.

सासूबाई दारात खुर्ची टाकून बघत होत्या. म्हणाल्या, "इतकं तर तू माझं दुधाचं पातेलं घासत नाहीस."

मी म्हटलं, "पातेलं सहा वर्षं मध्ये येत नाही."

१४ फेब्रुवारी, शनिवार

सावकाश आला. इंजिनाकडे बघत उभा राहिला. मला वाटलं शाबासकी देतो.

"वहिनी, धुताना ही भोकं बंद केली होती का?"

"कुठली?"

"ही चार. आणि पलीकडची चार."

"बंद करून आतलं कसं धुणार?"

तो माझ्या स्टुलावर बसला. "आतलं म्हणजे?"

"आत पण ओतलं ना. साबण राहू नये म्हणून नुसत्या पाण्याने दोनदा."

उठला, हत्यारांची पिशवी उघडली. मग प्लग काढले चार, लांब पाना घेतला, पुढच्या मोठ्या नटाला लावून इंजिन हाताने फिरवलं. भोकातून पाणी उडालं ते थेट टेबलावरच्या शाळेच्या शर्टांवर. चौदा शर्ट. पांढरे. मी ओरडले. तो म्हणाला, "ओरडू नका, आनंद माना. पाणी बाहेर आलं. अजून आठ दिवस आत राहिलं असतं तर पिस्टन आतल्या आत धरून बसला असता. मग हातोड्याशिवाय सुटला नसता."

मी म्हटलं, "तू बुधवारी आला असतास तर मी गुरुवारी धुतलं नसतं."

त्यावर त्याने विचार केला. "हे मात्र खरं आहे."

मग प्रत्येक भोकात तेल घातलं, परत फिरवलं, परत तेल. माझा टेबलफॅन लावून ठेवला. उद्यापर्यंत बंद करायचा नाही म्हणाला. मी घाम गाळत शर्ट धुतले.

हे पान फाडावं का असा विचार केला. नाही फाडत.

१५ फेब्रुवारी, रविवार

फोन.

"केलंस का काही?"

"साफ केलं."

"कशाने?"

"फडक्याने." फडकं वापरलं होतं. खोटं नाही.

मग म्हणाले, "बरं, चार बाय चारच्या खिडकीला पडदा करायचा तर किती कापड लागतं?" मी म्हटलं, खिडकी चार फूट असली तरी पडद्याला चुणी पाहिजे, दुप्पट धरा. तर म्हणाले, तूच शिवून पाठव ना, दोन खिडक्या आहेत. कॅम्पात आठजण एका खोलीत राहतात. आठ क्रेनवाल्यांना पडदे लागतात हे मला नवीन. पण दिवसपाळी-रातपाळी असते, उजेडात झोपावं लागतं, ते सुचायला यांना महिना लागला.

मागून कुणीतरी विचारत होतं, चहा आता टाकू का नंतर. मी म्हटलं कोण. तर कॅम्पचा स्वयंपाकी. आवाज अगदीच बारीक. अशक्त असावा. दुसऱ्यांना खाऊ घालणारी माणसं स्वतः धड जेवत नाहीत.

नंतर सासूबाईंना फोन द्यायला सांगितला. त्या आत घेऊन गेल्या आणि दार लावलं. वीस मिनिटं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सासूबाईंनी दोन दिवस चहाला नाव ठेवलेलं नाही. काल साखर विसरले होते, तरी पूर्ण प्यायल्या. दवाखान्यात दाखवायला पाहिजे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पडदे शिवले. रंग यांनी कळवला होता, फिका निळा, फुलं असली तर उत्तम. क्रेनवाले आणि फुलं. खालची पट्टी चार बोटं दुमडून ठेवली आहे, धुतल्यावर कापड आखडलं तर सोडता येईल. हे त्यांना चिठ्ठीत लिहिलं. पुरुषमाणसांना सांगितल्याशिवाय कळत नाही.

पार्सल बांधताना सासूबाई म्हणाल्या, "नको पाठवूस."

"का?"

"उगाच."

"उगाच म्हणजे काय? शिवून झालेत."

"तुला काही म्हणजे काही कळत नाही गं," म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावून आत गेल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं, डोळा अजून गळतो. दोन्ही एकदमच दाखवून आणते.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सावकाश बोलल्या वेळेला आला. वहीत लिहिण्यासारखी गोष्ट आहे.

आज आतलं जुनं तेल काढलं. खाली पत्र्याचा डबा मी धरला. डांबरासारखं काळं. सावकाश म्हणाला, वापरलेलं तेल आत ठेवून इंजिन बंद करायचं नसतं, त्यात आंबटपणा असतो, ते आतून खात राहतं, बाहेरून काही दिसत नाही. पाणी जायच्या नळ्याही मोकळ्या केल्या. आधी मी घातलेलं, मग आधीपासूनचं, सगळं पाणी गेलं. एकदा "वहिनींचं पाणी" म्हणून हसला. मी हसले नाही.

मग हात पुसून विचारलं, "किती दिवसांसाठी ठेवायचं?"

मी म्हटलं, त्याने काय फरक पडतो? इंजिन काय तारीख बघतं?

तर पडतो. त्याने सांगितलं ते असं. थोडे महिने ठेवायचं असेल तर साधं पातळ तेल घालायचं, आणि दर महिन्याला कुणीतरी हाताने फिरवायचं. सव्वादोन फेऱ्या. बरोबर दोन फेऱ्या फिरवल्या तर सगळं परत जागच्या जागीच येऊन थांबतं, म्हणून वर पाव. म्हणजे एकाच ठिकाणी टेकून राहत नाही. असं ठेवलं की मालक आला, गाडीत बसवलं, चालू.

वर्षानुवर्षं ठेवायचं असेल तर वेगळं. जाड, मेणासारखं तेल घालायचं, वरचं झाकण उघडून स्प्रिंगांवरचा दाब सोडून द्यायचा, सगळी भोकं पत्र्याने बंद. आणि मग हात लावायचा नाही. फिरवलं तर आतला लेप निघून जातो. एकदा बंद केलं की विसरायचं.

मी म्हटलं, "आठ महिने. त्यातला दीड झाला."

"मग सोपं आहे. पातळ. डबा पुढच्या खेपेला आणतो." आणि पाना माझ्या हातात दिला. "फिरवा. घड्याळाच्या काट्यासारखं. उलटं नाही. सावकाश."

जड असतं, पण फिरतं. प्लग काढलेले असल्यामुळे आतून सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येतो. मी सव्वादोन फेऱ्या फिरवल्या. त्याने खडूने नटामागच्या चाकावर खूण केली, पुढच्या वेळी कुठून सुरू करायचं त्याची. पुढची तारीख २४ मार्च.

१ मार्च, रविवार

यांना सगळं सांगितलं, सव्वादोन फेऱ्यांसकट. मला वाटलं खूश होतील. त्यांनी दोन्ही तेलांचं परत एकदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "नको, नको. जास्त दिवसांचंच करून टाक."

"जास्त म्हणजे?"

"म्हणजे ते जाड तेलाचं."

"अहो, पण सहा-साडेसहा महिन्यांत तुम्ही येणार ना?"

"येणार ना. येणार म्हणजे काय, बघू. पण तुला कशाला दर महिन्याला ते फिरवत बसायचा त्रास? एकदाच करून टाकलं की तू मोकळी."

बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या त्रासाचा विचार केला. लिहून ठेवते. तारीख वर आहेच.

४ मार्च, बुधवार

सावकाशच्या गॅरेजवर जाऊन निरोप दिला. एका गाडीखाली होता, तो सरपटत बाहेर आला.

"दादा असं म्हणाले?"

"नाहीतर काय मी मनाने सांगते?"

तो हात पुसत राहिला. हात आधीच पुसलेले होते. "वहिनी, तसं केलं तर ते पटकन बसवता येत नाही. सगळं उघडून तो लेप धुऊन काढावा लागतो. वर्षभरात हात लागणार असेल तर असं कुणी करत नाही. डब्यावरच लिहिलेलं असतं, पाच वर्षं."

"पाच?"

"पाच."

"ते म्हणाले माझा त्रास वाचेल."

"हो, त्रास वाचेल," म्हणाला, आणि माझ्याकडे असं बघितलं जसे डॉक्टर बघतात आणि विचारतात, तुमच्याबरोबर कुणी आलंय का.

मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतोस? इंजिनाकडे बघ."

९ मार्च, सोमवार

पडदे पोचले. सगळ्यांना आवडले म्हणे. एक इंच लांब झालेत. एका धुण्यात आखडतं ते, मी म्हटलं, मापाचं मला सांगू नका.

आता आणखी यादी. लोकरीचा कोट, दुसरा चष्मा, कपाटातली निळी फाईल. फाईलीत यांचा शाळेचा दाखला, जन्माचा दाखला आणि जुन्या नोकऱ्यांची पत्रं. मी म्हटलं क्रेनवर बसायला जन्माचा दाखला कशाला? आतापर्यंत जन्मल्याशिवायच बसत होतात का? म्हणाले, ऑफिसात मागतात. कोट कशाला विचारलं, तर तिकडे नोव्हेंबरपासून थंडी फार.

आठ महिने मी बोटांवर मोजले. जानेवारीपासून ऑगस्ट. परत मोजले.

१० मार्च, मंगळवार

सासूबाईंना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले डोळा उत्तम आहे, बीपी उत्तम आहे, जीभही उत्तम. मी विचारलं, मग टोमणे का मारत नाहीत? डॉक्टरांनी दोघींकडे बघून पुढच्या पेशंटला बोलावलं.

रिक्षात त्यांनी माझा हात धरला. त्यांनी यापूर्वी माझा हात धरला तो मी लग्नानंतर पहिल्यांदा गरम कढई उचलायला गेले तेव्हा, तोही रागाने. म्हणाल्या, "मी तुझ्याकडेच राहणार. मला कुठे जायला सांगू नकोस. तो म्हणाला तरी मी जाणार नाही."

मी म्हटलं, "तुम्हाला कोण जायला सांगणार? घर तुमच्या नावावर आहे."

"मग ठीक आहे," म्हणाल्या. घरी येईपर्यंत हात सोडला नाही. मला सुटे काढायला डावा हात वापरावा लागला.

फाईल अजून पाठवलेली नाही. दोरी संपली आहे.

१७ मार्च, मंगळवार

सावकाश दोन डबे घेऊन आला. एक पातळ तेलाचा, एक जाड. दोन्ही कापायच्या टेबलावर ठेवले. झाकण उघडून दाखवलं. जाड तेल सुईच्या टोकाने उचललं तरी ओघळत नाही. वास पायताणाच्या पॉलिशसारखा.

म्हणाला, "मी अजून काही केलेलं नाही. २८ तारखेच्या शनिवारी दिवसभर मोकळा आहे. तोवर दादांना एकदा नीट विचारून घ्या. माझं काय, तुम्ही सांगाल ते करतो. पण जाड एकदा घातलं की परत माझ्याच डोक्याला ताप."

"तुझ्या डोक्याला कसला ताप?"

"तुम्ही उघड म्हणालात तर मला उघडावं लागेल ना."

"मी कशाला म्हणेन?"

"बरं," म्हणाला. सावकाश उठला आणि गेला.

१८ मार्च, बुधवार

तीनदा फोन लावला. उचलला नाही. शेवटी मेसेज आला, "कामात आहे. सावकाश म्हणेल तसं कर."

सावकाश म्हणतो दादा म्हणतील तसं. दादा म्हणतात सावकाश म्हणेल तसं. आणि टेबल माझं अडलंय. दोन डब्यांच्या मध्ये उरलेल्या जागेत आज बाह्या कापल्या. एक आखूड झाली. माझी बाही आखूड होत नाही.

२२ मार्च, रविवार

रविवारी यांचाच फोन येतो. आला नाही. सासूबाईंनी मला न विचारता माझ्यासाठी चहा केला. वाईट झाला होता. मी पूर्ण प्यायले.

२४ मार्च, मंगळवार

तारीख होती म्हणून इंजिन फिरवलं. नको म्हणाले होते, तरी. खडूच्या खुणेपासून सव्वादोन. एकटीने. पाना नटावर नीट बसवायला वेळ लागला, पण एकदा बसला की जातं. सासूबाई बाजूला उभं राहून मोजत होत्या, "एक. दोन. आता पाव. बास, बास." मग म्हणाल्या, "असं किती दिवस करणार आहेस?"

मी म्हटलं, तेच तर विचारते आहे सगळ्यांना.

त्या खाली बसल्या आणि बोलायला लागल्या. बरंच बोलल्या. पडद्यांचंही बोलल्या. मी पाना पुसला, जागेवर टांगला, नवीन खूण केली. त्यांना म्हटलं, हे मला तुमच्या तोंडून नको. ज्याचं त्याने बोलावं. आणि शाळेचे उरलेले शर्ट इस्त्रीला घेतले. बारा झाले. एकाचीही कॉलर बिघडली नाही.

२५ मार्च, बुधवार

मेसेज आधी इथे लिहून काढते, मग फोनवर उतरवते. फोनवर मला चुका दिसत नाहीत.

अहो,

इंजिन साफ आहे. जुनं तेल काढलं, पाणी काढलं, प्लग काढून तेल घातलं. मध्ये माझ्या हातून आत पाणी गेलं होतं, तेही काढलं. हे आधी सांगितलं नव्हतं, आता सांगितलं. २४ तारखेला सव्वादोन फेऱ्या फिरवल्या. इथपर्यंत माझ्या बाजूने काम पूर्ण आहे.

आता फक्त तेल कुठलं ते राहिलं. दोन डबे टेबलावर आहेत. पातळ घातलं तर मी दर महिन्याला फिरवत राहीन. मला त्याचा त्रास नाही. त्रासाचं नाव पुढे करू नका. जाड घातलं तर मी परत हात लावणार नाही, आणि ते माझ्या खोलीतही राहणार नाही, सावकाशच्या माळ्यावर जाईल. मग उघड म्हणालात तरी मी उघडायला सांगणार नाही.

दोन्ही थोडं थोडं घालता येत नाही. मी सावकाशला विचारलं.

निळी फाईल बांधून तयार आहे. तीही उत्तर आल्यावरच निघेल.

आईंना मध्ये घालू नका, त्यांना कळवू नका, मला कळवा. मला बाकी काहीही विचारायचं नाही. किती दिवसांसाठी ठेवायचं, एवढंच. आकडा लिहा, आणि पुढे महिने की वर्षं ते लिहा. "बघू" लिहिलंत तर मी वर्षं धरेन. काहीच लिहिलं नाहीत तरी वर्षंच धरेन.

सावकाश शनिवारी सकाळी नऊला डबा उघडणार आहे. म्हणून मला तुमचं उत्तर शुक्रवारी, सत्तावीस तारखेला, संध्याकाळी सहाच्या आत पाहिजे.